सुमित नागल : ६८ व्या क्रमांकानंतरचा उतार आणि त्यामागची कारणे

धागालेखक

१५ जुलै २०२४ रोजी भारतीय टेनिसपटू सुमित नागल एटीपीच्या (पुरुष व्यावसायिक टेनिसच्या जागतिक संस्थेच्या) एकेरी क्रमवारीत ६८ व्या स्थानावर पोहोचला. संगणकीय क्रमवारी १९७३ मध्ये सुरू झाली, तेव्हापासून विजय अमृतराज (१८), रमेश कृष्णन (२३) आणि सोमदेव देववर्मन (६२) हे तिघेच भारतीय पुरुष एकेरीत त्याच्यापेक्षा वर जाऊ शकले आहेत. त्यानंतर वर्ष उलटते न उलटते तोच नागल पहिल्या अडीचशेच्याही बाहेर गेला. या घसरणीविषयी सध्या दोनच प्रकारची मते ऐकू येतात. एका मतानुसार २०२४ हे नागलच्या नशिबाने साथ दिलेले एकमेव वर्ष होते आणि तो आता आपल्या खऱ्या जागी परतला आहे. दुसऱ्या मतानुसार भारतीय टेनिस संघटनेने आणि व्यवस्थेने त्याला वाऱ्यावर सोडले. मला ही दोन्ही स्पष्टीकरणे अपुरी वाटतात, आणि म्हणून त्याची कारकीर्द सुरुवातीपासून नीट मांडून मगच आजच्या कामगिरीकडे यावे, असा विचार आहे.

नागलचा जन्म १९९७ चा, हरियाणातील झज्जर जिल्ह्यातला. वडील शाळेत शिक्षक. २००८ मध्ये, वयाच्या दहाव्या वर्षी, महेश भूपतीच्या प्रशिक्षण योजनेत त्याची निवड झाली आणि तो बंगळुरूला गेला. ती योजना पुढे गुंडाळली गेली, परंतु भूपतीने त्याच्यावरचा हात काढला नाही. त्यानंतर कॅनडा, मग जर्मनी असे मुक्काम बदलत तो वाढला. २०१५ मध्ये व्हिएतनामच्या ली होआंग नामच्या साथीने त्याने विम्बल्डनचे मुलांच्या दुहेरीचे विजेतेपद मिळवले आणि कनिष्ठ गटातील ग्रँड स्लॅम जिंकणारा तो सहावा भारतीय ठरला. २०१७ मध्ये बंगळुरूची चॅलेंजर (मुख्य एटीपी टूरच्या खालच्या स्तराची) स्पर्धा त्याने जिंकली खरी, पण पुढच्याच वर्षी त्याची कामगिरी ढासळली आणि २०१९ च्या सुरुवातीला तो साडेतीनशेच्या पलीकडे होता. कारकिर्दीतला हा पहिला उतार आजच्या चर्चेत कोणाच्याच लक्षात नसतो.

२०१९ च्या अमेरिकन ओपनमध्ये पात्रता फेरीतून मुख्य फेरीत आल्यावर त्याच्या वाट्याला पहिलाच सामना रॉजर फेडररविरुद्ध आला. आर्थर अ‍ॅश स्टेडियमवर रात्रीच्या सत्रात, क्रमवारीत १९० व्या असलेल्या या मुलाने पहिला सेट ६-४ असा घेतला. तो सेट ज्यांनी पाहिला असेल त्यांना आठवत असेल की नागलने फेडररला थक्क करणारे फटके फारसे मारले नव्हते. तो बेसलाइनच्या (कोर्टच्या मागच्या रेषेच्या) बराच मागे उभा राहत होता, फोरहँडला भरपूर टॉपस्पिन देऊन चेंडू फेडररच्या बॅकहँडकडे उंच उडवत होता, आणि प्रत्येक रॅली, म्हणजे एका गुणासाठीची फटक्यांची देवाणघेवाण, आणखी एका फटक्याने लांबवत होता. पुढचे तिन्ही सेट फेडररने ६-१, ६-२, ६-४ असे जिंकले. त्यानंतर काही आठवड्यांतच ब्युनोस आयर्सची चॅलेंजर स्पर्धा अंतिम फेरीत फाकुंडो बाग्निसला ६-४, ६-२ हरवून नागलने जिंकली. माझ्या मते फेडररविरुद्धच्या सेटपेक्षा हे विजेतेपद त्याच्याविषयी अधिक काही सांगते, कारण लाल मातीवर, स्थानिक खेळाडूविरुद्ध, अर्जेंटिनात जिंकणे ही सोपी गोष्ट नव्हे.

२०२० मध्ये अमेरिकन ओपनच्या पहिल्या फेरीत ब्रॅडली क्लानला हरवून तो दुसऱ्या फेरीत गेला. सोमदेवने २०१३ मध्ये केलेल्या कामगिरीनंतर ग्रँड स्लॅमच्या एकेरीत मुख्य फेरीचा सामना जिंकणारा तो पहिलाच भारतीय पुरुष होता. दुसऱ्या फेरीत डॉमिनिक थीमने त्याला सरळ सेटमध्ये नमवले आणि पुढे ती स्पर्धाही जिंकली. २०२१ मध्ये झालेल्या टोकियो ऑलिंपिकमध्ये डेनिस इस्तोमिनवर विजय, मग मेदवेदेवकडून पराभव, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस नितंबाच्या सांध्याची शस्त्रक्रिया. २०२२ संपताना तो पाचशेच्याही पलीकडे होता. हा दुसरा उतार.

तिथून परत येताना त्याने जे सोसले ते २०२३ च्या सप्टेंबरमध्ये वृत्तसंस्थेला दिलेल्या मुलाखतीतून सर्वांना कळले. बँक खात्यात सुमारे ९०० युरो शिल्लक असल्याचे त्याने सांगितले होते. वर्षभर फिरतीवर राहण्यासाठी साधारण एक कोटी रुपये लागतात, आणि त्या वर्षी तोपर्यंत खेळलेल्या २४ स्पर्धांतून सुमारे ६५ लाख रुपये मिळाले होते. वर्षाच्या सुरुवातीला जर्मनीतील आपल्या अकादमीत सरावाला जाणेही त्याला परवडत नव्हते. अशा स्थितीतही त्याने २०२३ मध्ये रोम आणि टाम्पेरे येथील चॅलेंजर स्पर्धा जिंकल्या. रोममधील विजेतेपद हे युरोपात मातीच्या कोर्टवर भारतीयाने मिळवलेले पहिले चॅलेंजर विजेतेपद होते.

मग २०२४ उजाडले. ऑस्ट्रेलियन ओपनमध्ये पात्रता फेरीचे तीन सामने जिंकून तो मुख्य फेरीत आला आणि ३१ वे मानांकन असलेल्या अलेक्झांडर बुब्लिकला ६-४, ६-२, ७-६ असे हरवले. १९८९ मध्ये रमेश कृष्णनने मॅट्स विलँडरला नमवले होते, त्यानंतर ग्रँड स्लॅममध्ये मानांकित खेळाडूला हरवणारा तो पहिला भारतीय पुरुष. फेब्रुवारीत चेन्नईच्या चॅलेंजर स्पर्धेत लुका नार्दीला हरवून विजेतेपद आणि पहिल्या शंभरात प्रवेश. एप्रिलमध्ये माँटे कार्लोत मातेओ अर्नाल्दीवर विजय आणि पुढच्या फेरीत होल्गर रूनेकडून हरतानाही एक सेट जिंकला. जूनमध्ये हाइलब्रॉनच्या चॅलेंजरचे विजेतेपद, पाठोपाठ पेरुजाच्या चॅलेंजरची अंतिम फेरी. चारही ग्रँड स्लॅमच्या मुख्य फेरीत तो खेळला; प्रज्ञेश गुन्नेश्वरनने २०१९ मध्ये हे साधले होते, त्यानंतर नागलनेच.

आता घसरणीचे गणित पाहा. क्रमवारीतील गुण ५२ आठवडे टिकतात आणि मग उतरतात. नागलच्या २०२४ मधील गुणांचा मोठा भाग मेलबर्न (ऑस्ट्रेलियन ओपन), चेन्नई, माँटे कार्लो, हाइलब्रॉन आणि पेरुजा या मोजक्या आठवड्यांत साठलेला होता. चेन्नई आणि हाइलब्रॉन या दोन स्पर्धांचेच प्रत्येकी १०० गुण. २०२५ च्या जानेवारीत ऑस्ट्रेलियन ओपनच्या पहिल्याच फेरीत तोमास माखाचने त्याला हरवले आणि तो लगोलग शंभराच्या बाहेर गेला. शंभराबाहेर गेल्याबरोबर ग्रँड स्लॅमचा थेट प्रवेश बंद होतो, पहिल्या फेरीत हरूनही मिळणारी मोठी रक्कम बंद होते, आणि पुन्हा पात्रता फेरी सुरू होते. फेब्रुवारीत चेन्नईचे गुण गेले, जूनमध्ये हाइलब्रॉनचे. त्यांची भरपाई झाली नाही. वर्षातील उरलेल्या तीन ग्रँड स्लॅमपैकी एकाच्याही मुख्य फेरीत तो नव्हता.

या सर्वांतून मला एक गोष्ट दिसते, आणि तीच या धाग्यात मांडायची आहे. नागल हा गेल्या पंधरा वर्षांतला असा एकटा भारतीय नाही. सोमदेव २०११ च्या जुलैमध्ये ६२ व्या स्थानी पोहोचला आणि त्यानंतर खांद्याच्या दुखापतीने त्याला गाठले. युकी भांब्री २०१८ च्या एप्रिलमध्ये ८३ वा झाला आणि गुडघ्यामुळे दोन वर्षांहून अधिक काळ कोर्टबाहेर बसला. प्रज्ञेश २०१९ च्या एप्रिलमध्ये ७५ वा होता, त्याच वर्षाच्या शेवटी शंभराबाहेर, आणि नंतर मनगटाने त्याची साथ सोडली. नागलने २०२४ च्या सप्टेंबरमध्ये पाठीच्या दुखण्यामुळे माघार घेतली होती. चौघेही शिखरावर पोहोचल्यानंतर फार काळ शरीराने धड राहिले नाहीत. ६० ते ८० या पट्ट्यात पोहोचण्यासाठी आपल्या खेळाडूंना इतक्या स्पर्धा, इतका प्रवास आणि इतक्या लांब रॅली खेळाव्या लागतात की तिथे पोहोचेपर्यंत त्यांची गंगाजळी, पैशांची आणि शरीराची, दोन्ही संपलेली असते. म्हणून नागलच्या घसरणीकडे मी कौशल्य संपल्याचे लक्षण म्हणून पाहत नाही. मला ती तिसरी घसरण दिसते, आणि आधीच्या दोन्हींतून तो वर आला आहे. प्रश्न एवढाच आहे की २८ व्या वर्षी, याच खेळाने, तिसऱ्यांदा ते शक्य आहे का. जाणकारांनी यावर सविस्तर लिहावे.

प्रतिसाद १

मांडणी उत्तम आहे, परंतु सर्व्हिसचा उल्लेख न करता नागलविषयी लिहिणे मला अपुरे वाटते. आपण म्हणता त्या लांब रॅली त्याला आवडतात म्हणून तो खेळत नाही. सर्व्हिसवर फुकटचे गुण मिळत नाहीत म्हणून त्याला त्या खेळाव्या लागतात. उंची १७८ सेंटिमीटर. बिनतोड सर्व्हिस क्वचितच. पहिली सर्व्हिस चुकली की दुसरी सर्व्हिस मऊ येते आणि समोरचा खेळाडू एक पाऊल पुढे सरकून थेट हल्ला करतो.

२०२३ च्या जानेवारीत पुण्यातील बालेवाडीत महाराष्ट्र ओपनमध्ये त्याचा फिलिप क्रायिनोविचविरुद्धचा सामना मी प्रत्यक्ष पाहिला होता. दूरचित्रवाणीवर कॅमेरा मागून असल्यामुळे दिसत नाही ते कोर्टच्या बाजूला बसल्यावर दिसते. नागल दुसरी सर्व्हिस करताना क्रायिनोविच बेसलाइनच्या आत येऊन उभा राहत होता, आणि नागल सर्व्हिस टाकताक्षणी दोन पावले मागे सरकत होता, कारण पुढचा फटका आपल्याला बचावात खेळायचा आहे हे त्याला ठाऊक होते. स्वतःच्या सर्व्हिसवर बचावात जाणारा खेळाडू प्रत्येक गेमला पाच-सात मिनिटे झगडतो, तर त्याचा प्रतिस्पर्धी दीड मिनिटात गेम खिशात घालून खुर्चीकडे निघतो. तरीही त्याने तो सामना तीन सेटपर्यंत नेला आणि तिसरा सेट ६-४ असा गमावला. त्याची जिद्द आणि त्याची मर्यादा या दोन्ही गोष्टी त्या सामन्यात शेजारी शेजारी दिसत होत्या. आपण ज्याला शरीराची गंगाजळी म्हणता, ती सर्व्हिसच्या प्रत्येक गेममध्ये थोडी थोडी खर्च होत असते.

प्रतिसाद २

उंचीचा मुद्दा पूर्णपणे पटत नाही. दिएगो श्वार्ट्झमनची उंची जेमतेम १७० सेंटिमीटर होती आणि तो २०२० मध्ये जगात आठवा झाला. जपानचा निशिओकाही तेवढ्याच उंचीचा, तोही पहिल्या पंचवीसात जाऊन आला. कमी उंचीचे खेळाडू सर्व्हिसची उणीव परतीच्या फटक्यांनी भरून काढतात. श्वार्ट्झमन प्रतिस्पर्ध्याची सर्व्हिस इतक्या वेळा भेदत असे की स्वतःची गेली तरी हिशेब जुळे. नागलचा परतीचा फटका चांगला आहे, पण तो फार मागून घेतला जातो. मातीवर ते चालते, कारण चेंडू हळू येतो आणि उसळतो. हार्ड कोर्टवर आणि गवतावर तेवढ्या मागे उभे राहिले की सर्व्हिस करणाऱ्याला अर्धे कोर्ट मोकळे मिळते.

माझा खरा आक्षेप वेगळा आहे. २०२४ च्या उत्तरार्धातील निवडी चुकल्या, असे माझे स्पष्ट मत आहे. विम्बल्डनमध्ये केच्मानोविच, पॅरिस ऑलिंपिकमध्ये मूते, अमेरिकन ओपनमध्ये ग्रीक्स्पूर, शांघायमध्ये वू यिबिंग, अशा पहिल्या फेरीतील पराभवांची रांग लागली. यातील ऑलिंपिक आणि ग्रँड स्लॅम कोणीही सोडणार नाही, हे मान्य. पण त्यांच्या अधेमधे युरोपातील मातीवरच्या चॅलेंजर स्पर्धा होत्या आणि तिथे तो जिंकणारा खेळाडू होता. सलग हरत राहिल्याने गुण मिळत नाहीत हे तर आहेच. त्याहून वाईट म्हणजे सामना जिंकण्याची सवय मोडते. ४-४ अशा बरोबरीत काय करायचे हे जिंकणाऱ्याचे शरीर आपोआप ठरवते. हरणाऱ्याला विचार करावा लागतो.

धागालेखक

दोघांचेही आभार. सर्व्हिसविषयीचे निरीक्षण मोलाचे आहे आणि माझ्या मूळ मुद्द्याला ते बळच देते.

स्पर्धांच्या निवडीबाबत मात्र मी खेळाडूच्या बाजूने थोडे बोलेन. पहिल्या शंभरात आलेल्या खेळाडूला मास्टर्स आणि एटीपी ५०० या ग्रँड स्लॅमखालोखालच्या दर्जाच्या स्पर्धांत पहिल्या फेरीत हरूनही जी रक्कम मिळते, ती अनेकदा चॅलेंजर स्पर्धेच्या विजेत्याच्या हाती पडणाऱ्या रकमेपेक्षा मोठी असते. ज्याने वर्षभरापूर्वी ९०० युरोंची शिल्लक पाहिली आहे, त्याने हा धनादेश नाकारून चॅलेंजर खेळायला जावे, असे घरी बसून म्हणणे सोपे आहे. क्रमवारीचे गणित एकीकडे ओढते आणि पैशांचे गणित दुसरीकडे. २०२४ च्या ऑस्ट्रेलियन ओपनच्या दुसऱ्या फेरीपर्यंत पोहोचल्याबद्दल त्याला १,८०,००० ऑस्ट्रेलियन डॉलर मिळाले, म्हणजे एका सामन्याच्या विजयाने जवळपास पूर्ण वर्षाचा खर्च निघाला. असे आठवडे हातात असताना ते सोडवत नाहीत. आपण म्हणता तशी सवय मोडते हे खरे आहे, पण ती किंमत त्याने उघड्या डोळ्यांनी मोजली असावी असे मला वाटते.

प्रतिसाद ३

डेव्हिस करंडकाचा, म्हणजे देशांच्या संघांमधील स्पर्धेचा, विषय कोणीच काढला नाही, म्हणून लिहितो.

२०२४ च्या फेब्रुवारीत पाकिस्तानविरुद्ध इस्लामाबादला तो गेला नाही. सप्टेंबरमध्ये स्वीडनविरुद्धही पाठीच्या दुखण्यामुळे खेळला नाही. त्यानंतर संघटनेने जाहीरपणे सांगितले की देशासाठी खेळण्याकरिता त्याने वर्षाला ५०,००० डॉलर मागितले होते. नागलने उत्तर दिले की व्यावसायिक खेळात मानधन घेणे ही सर्वत्र रूढ पद्धत आहे आणि त्यात वैयक्तिक लाभाचा प्रश्न नाही. त्याआधी, २०२४ च्या ऑस्ट्रेलियन ओपनसाठी आशिया-प्रशांत विभागाच्या वाइल्ड कार्ड (क्रमवारी न पाहता मुख्य फेरीत दिला जाणारा थेट प्रवेश) स्पर्धेत संघटनेने त्याचे नाव पाठवले नव्हते. तो पात्रता फेरीतून आला आणि बुब्लिकला हरवून गेला, हे सर्वांना ठाऊक आहे.

मी दीर्घकाळ डेव्हिस करंडकाच्या लढती पाहत आलो आहे आणि देशासाठी खेळणे हा खेळाडूचा सन्मान आहे, या मतावर मी आजही ठाम आहे. तरीही एक गोष्ट न्यायाने सांगितली पाहिजे. लिअँडर पेस किंवा विजय अमृतराज यांच्या काळात डेव्हिस करंडक हा त्यांच्या कारकिर्दीचा कणा होता. आजच्या एकेरीच्या खेळाडूला डेव्हिस करंडकाचा आठवडा म्हणजे क्रमवारीच्या गुणांविना गेलेला आठवडा असतो, आणि बहुतेक वेळा कोर्टचा पृष्ठभागही बदलावा लागतो. मातीवरून हार्ड कोर्टवर आणि पुन्हा मातीवर असा बदल शस्त्रक्रिया झालेल्या सांध्याला सोपा नसतो. संघटनेने ही चर्चा बंद दाराआड करायला हवी होती. मानधनाचा आकडा वृत्तपत्रांत देऊन खेळाडूच्या देशप्रेमाविषयी लोकांच्या मनात शंका उत्पन्न करणे मला अजिबात रुचले नाही.

आणि तरीही २०२५ च्या सप्टेंबरमध्ये, क्रमवारीत इतका खाली असताना, तो स्वित्झर्लंडला संघाबरोबर गेलाच. बील येथे बंदिस्त हार्ड कोर्टवर, म्हणजे त्याला सर्वांत न मानवणाऱ्या पृष्ठभागावर, त्याने पहिल्या दिवशी मार्क-आंद्रेआ ह्यूस्लरला सरळ सेटमध्ये नमवले. दक्षिणेश्वर सुरेशने त्याआधी जेरोम किमला हरवले होते. दुहेरी गेली. मग निर्णायक ठरलेल्या एकेरीत नागलने हेन्री बर्नेटला ६-१, ६-३ असे हरवले. बर्नेट हा त्याच वर्षीचा ऑस्ट्रेलियन ओपनचा मुलांचा विजेता. भारताने ३-१ असा विजय मिळवला. १९९३ मध्ये फ्रान्समध्ये मिळवलेल्या विजयानंतर युरोपीय संघाला त्यांच्याच भूमीवर हरवण्याची ही पहिलीच वेळ. ज्यांनी ५०,००० डॉलरांवरून त्याला बोल लावले होते, त्यांनी बीलचा तो शनिवार आठवावा.

प्रतिसाद ४

बील येथील कामगिरीबद्दल मनापासून सहमत. बर्नेटविरुद्ध त्याने केलेला एक बदल नोंदवण्यासारखा आहे: तो नेहमीपेक्षा बराच पुढे उभा राहून परतीचा फटका घेत होता. प्रतिस्पर्धी कोवळा होता आणि दडपणाखाली होता, हे धरूनही.

प्रतिसाद ५

माझी मुलगी पुण्यात टेनिस खेळते, त्यामुळे मी हा धागा पालकाच्या नजरेने वाचला. नागलची कथा ऐकून आमच्यासारखे अनेक पालक घाबरतात, हे प्रामाणिकपणे सांगते. भारतातील सर्वोत्तम एकेरी खेळाडूची शिल्लक ९०० युरो असेल, तर शंभर-दोनशे स्थाने खाली असलेल्यांचे काय, हा प्रश्न आमच्या कोर्टवर तेव्हा आठवडाभर चर्चेत होता. रॅकेटच्या तारा, प्रशिक्षकांची फी, फिटनेस प्रशिक्षक आणि गावोगावच्या स्पर्धांचा प्रवास हा खर्च कनिष्ठ गटातच एका नोकरदार घराला झेपेनासा होतो. परदेशी स्पर्धा सुरू झाल्या की घरातील दोघांपैकी एकाची नोकरी मुलीच्या फिरतीवरच जाते.

पुण्याच्या दृष्टीने आणखी एक गोष्ट लिहावीशी वाटते. चेन्नईची एटीपी २५० स्पर्धा २०१८ मध्ये बालेवाडीला आली आणि २०२३ पर्यंत इथे झाली. त्यानंतर वर्षारंभीचा तो आठवडा हाँगकाँगकडे गेला आणि भारतात एटीपी टूरची एकही स्पर्धा उरली नाही. ही स्पर्धा होती तेव्हा वाइल्ड कार्डमुळे आपल्या मुलांना मोठ्या खेळाडूंसमोर उभे राहता येत होते. पुण्याचा मानस धामणे २०२३ मध्ये पंधरा वर्षांचा असताना मायकेल मोहविरुद्ध खेळला तो याच स्पर्धेत. प्रेक्षकांनी त्या मुलाला दिलेली दाद माझी मुलगी अजून विसरलेली नाही. नागललाही तिथे घरच्या प्रेक्षकांपुढे, कमी प्रवासात, मोठे गुण मिळवण्याची संधी होती. ती आता नाही.

त्यानंतर बालेवाडीत चॅलेंजर स्पर्धा झाल्या, त्याबद्दल आयोजकांचे आभारच मानायला हवेत. २०२४ ची पुण्याची चॅलेंजर मोनाकोच्या व्हॅलेंटिन व्हाशरोने जिंकली होती. अंतिम सामन्याला फारशी गर्दी नव्हती. तोच व्हाशरो २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये २०४ व्या क्रमांकावरून शांघाय मास्टर्सच्या पात्रता फेरीत उतरला, उपांत्य फेरीत जोकोविचला हरवले आणि विजेतेपद घेऊन गेला. नागलचा क्रमांक पाहून त्याला मोडीत काढणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे, एवढेच म्हणणे आहे.

प्रतिसाद १

ताई, व्हाशरोचे उदाहरण सुंदर आहे आणि चॅलेंजर स्तरावरचे खेळाडू किती तयारीचे असतात हे त्यातून दिसते. परंतु ते नागलला लागू करताना मला थोडे थांबावेसे वाटते. व्हाशरो उंच आहे, सर्व्हिस जड आहे, आणि असा खेळाडू एखाद्या पंधरवड्यात सर्व्हिस उत्तम बसली की कोणालाही हरवू शकतो. नागलच्या खेळात असा झटका बसत नाही. त्याला प्रत्येक सामना कमवावा लागतो. त्यामुळे त्याचे पुनरागमन झालेच तर ते एका मोठ्या स्पर्धेतून होणार नाही. २०१९ आणि २०२३ प्रमाणे सहा-आठ महिने चॅलेंजर स्पर्धांत उपांत्य, अंतिम, विजेतेपद अशा पायऱ्यांनीच तो वर येऊ शकेल.

कनिष्ठ गटातील खर्चाबद्दल आपण लिहिले ते शब्दशः खरे आहे.

प्रतिसाद ६

एक मुद्दा राहिला आहे असे वाटते, तो म्हणजे दुहेरी. युकी भांब्री गुडघ्याच्या दुखापतीनंतर दुहेरीकडे वळला आणि २०२५ मध्ये मायकेल व्हीनसच्या साथीने अमेरिकन ओपनच्या उपांत्य फेरीत पोहोचला. पुण्याच्या अर्जुन कढेने ऋत्विक बोल्लीपल्लीबरोबर २०२४ मध्ये अल्माटीची एटीपी स्पर्धा जिंकली. रोहन बोपण्णा तर ४३ व्या वर्षी दुहेरीत जगात पहिला झाला आणि त्याने ऑस्ट्रेलियन ओपन जिंकली. दुहेरीत धावपळ कमी, कारकीर्द लांब, आणि आपल्या परंपरेला ती मानवते. नागलनेही २८ व्या वर्षी हा विचार करावा का?

माझे स्वतःचे उत्तर नाही असे आहे. दुहेरीला लागणारी जड सर्व्हिस आणि नेटजवळचा खेळ हे त्याचे बलस्थान कधीच नव्हते. दुसरे कारण भावनिक आहे, पण मी ते लपवणार नाही. एकेरीत चिवटपणे टिकून राहणारा असा दुसरा भारतीय पुरुष गेल्या काही वर्षांत झालेला नाही. पाचशेबाहेर गेल्यावर, शस्त्रक्रियेनंतर, पैसे संपल्यावर, अशा प्रत्येक वेळी दुहेरीचे दार उघडे असूनही तो एकेरीतच राहिला. त्याबद्दल मला त्याच्याविषयी फार आदर आहे.

धागालेखक

दुहेरीविषयी तंतोतंत सहमत.

आपल्या सर्वांच्या लेखनानंतर मी माझे मत थोडे नेमके करून मांडतो. पहिल्या शंभरात परत येणे नागलला शक्य आहे असे मला वाटते, पण त्यासाठी वेळापत्रक वेगळे हवे. एप्रिल ते सप्टेंबर युरोपातील मातीवर, सलग तीन आठवड्यांहून अधिक न खेळता, मध्ये एक आठवडा शरीरासाठी राखून. गवताचा हंगाम जवळपास पूर्ण सोडावा. वर्षारंभी भारतातल्या हार्ड कोर्टवरील चॅलेंजर स्पर्धा मात्र सोडू नयेत, कारण चेन्नईत त्याने दाखवून दिले आहे की संथ हार्ड कोर्टवर आणि घरच्या हवेत तो कोणालाही दमवू शकतो. २०२५ च्या उन्हाळ्यात त्याने मोठे असे काही कमावलेले नाही, त्यामुळे येत्या उन्हाळ्यात उतरणारे गुणही फार नाहीत. जे मिळेल ती निव्वळ वाढ असेल. २०२३ मध्ये रोमला जाण्यापूर्वी त्याची स्थिती याहून बिकट होती.

सर्व्हिसचा वेग आता वाढेल अशी आशा मी ठेवत नाही. प्रतिसाद ४ मध्ये नोंदवलेली गोष्ट मला जास्त आशादायक वाटते. परतीच्या फटक्यासाठी दोन पावले पुढे उभे राहण्याची सवय त्याने लावून घेतली, तर रॅली आखूड होतील आणि पाठ व सांधे यांच्यावरचा भार थोडा हलका होईल. पुढील हंगामात त्याचा सामना पाहताना मी गुणफलकाआधी तेवढेच पाहणार आहे. ज्यांना चॅलेंजर स्पर्धांचे थेट प्रक्षेपण नियमित पाहता येते, त्यांनी सामन्यागणिक नोंदी इथेच लिहाव्यात, अशी विनंती आहे.